समुद्राच्या अलीकडे एक किलोमीटर

मुक्काम चिपळूणच्या पुढे, समुद्राजवळ
ता. १७ मार्च २००९

भाई भैय्यालाल यास,

उदारामचा रामराम. आम्ही दोघे इकडे बरे आहोत, व्हॅन बरी आहे, सोबत आणलेलं तांदळाचं पोतं अर्ध्यावर आलं आहे. तिकडे तू, तुझ्या घरचे आणि केशोरीतले सगळे धडधाकट असतील असं धरून चालतो. विशेषकरून तुझी दाढ कशी आहे ते कळव. (हे मी काळजीपोटी विचारत नाही, जाब म्हणून विचारतो आहे. कसला जाब, ते पुढे येईल. मधली पानं सोडून तिकडे उडी मारू नको. बावीस वर्षं तू माझ्या गाडीवर कंडक्टर होतास, एखादा थांबा गाळलेला मला चालत नाही हे तुला माहीत आहे.)

पहिली गोष्ट अशी की ही सगळी कल्पना तुझी. एसटीतून रिटायर होऊन वर्ष होत आलं तरी मी पहाटे पाचला उठतो, खाकी शर्ट घालतो आणि अंगणात उगाच उभा राहतो, हे तुला बघवेना. तूच म्हणालास, जन्मभर आपण दुसऱ्यांना पोचवलं, आता एकदा स्वतः जाऊ. झाडीपट्टीतून निघायचं आणि रस्ता संपून समुद्र लागेपर्यंत थांबायचं नाही. जुनी व्हॅन तूच बघून दिलीस. फाल्गुनात निघू, थंडी गेलेली असते, ऊन तापायचं असतं, पळस फुललेला असतो, हेही तुझंच. लॉजमध्ये मी उतरत नाही (एकतीस वर्षं मुक्कामी गाडीच्या बाकावर झोपलेल्या माणसाला गादीवर पडलं की पाण्यात पडल्यासारखं वाटतं), म्हणून वाटेत तंबू ठोकून राहू, हे तुझं. तिकिटांचा हिशोब लिहायच्या जुन्या वे-बिलाच्या पाठीवर सगळे थांबे ओळीने लिहून दिलेस तेही तूच. आणि एक तारखेला सकाळी सहाच्या ठोक्याला मी गाडी तुझ्या दारात लावून हॉर्न मारला, तर तू गालाला पंचा गुंडाळून बाहेर आलास आणि म्हणालास, "दाढ लय ठणकून राहिली गा, उदाराम. तुमी दोघं व्हा पुढं." तेवढं बोलून आत गेलास. दार लावलंस. आतून हसल्याचा आवाज आला असं तुझी वहिनी शामकला म्हणते, पण मी तिला गप्प केलं, कारण तेव्हा माझा तुझ्यावर विश्वास होता.

आता कंडक्टर नसलेल्या ड्रायव्हरचे हाल ऐक. नवेगाव बांधच्या पुढे दोन्ही बाजूंनी पळस असा पेटला होता की रस्त्यावरून नजर हटावी, पण मी हटवली नाही. साकोली आली, सवयीने हात स्टॅण्डकडे वळले. भंडारा आलं, तिथेही वळले. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबून मी पुढे निघायचो. तुझी वहिनी म्हणाली, "कोणाले घ्याचं हाय काय इथून?" मी घड्याळ पाहिलं. तू असतास तर तूही तेच केलं असतंस. पण मूर्तिजापूरला घात झाला. दहा मिनिटं झाली, मी चहा संपवला, बसलो, आरशात पाहिलं, निघालो. डबल बेल झाली नाही हे खरं, पण ती मारायला तू होतास कुठे? तू पंचा गुंडाळून घरी! वीस किलोमीटर मी बोलत होतो, हल्लीच्या पोरांना गिअर कसा टाकता येत नाही यावर, आणि मला कोणी एका शब्दाने खोडून काढलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मागे वळून पाहतो तर सीटवर नुसती शेगडी आणि तांदूळ. गाडी वळवावी म्हणून बाजूला घेतली, तेवढ्यात अकोल्याची एसटी मला ओलांडून गेली, आणि तिसऱ्या खिडकीत तुझी वहिनी. तिने हात केला नाही. नुसतं पाहिलं. अकोल्याच्या स्टॅण्डवर जाऊन तिला घ्यावं लागलं. मला सांगते कशी, "तो डायवर बरा होता. माणसं मोजून निघाला."

तंबूचं तर विचारू नको. सुकराम मंडपवाल्याला तू साधा तंबू शिवायला सांगितलास की आणखी काही, ते तुझं तुला ठाऊक. त्याने लग्नाच्या जुन्या शामियान्याचं कापड वापरलं. लाल-पिवळ्या पट्ट्या, खाली झालर, आणि पुढच्या बाजूला, बरोबर दारावर, चमकीच्या अक्षरात 'सुस्वागतम्'. पहिल्यांदा उलगडला तेव्हा मी तो तसाच गुंडाळून परत गाडीत टाकणार होतो, पण दुसरा होता कुठे? तळेगावच्या पुढे एका शेताच्या कडेला लावला, तर सकाळी सकाळी धोतर नेसलेले तीन म्हातारे येऊन आत बसले आणि वराकडचे कोण, वधूकडचे कोण विचारू लागले. तुझ्या वहिनीने त्यांना भात-वरण वाढलं, कारण आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं. ते जेवले, आशीर्वाद दिले, गेले. कोणाला दिले ते त्यांनी विचारलं नाही.

मेहकरच्या पुढे त्याहून वाईट. दोनच दिवसांपूर्वी निवडणूक जाहीर झाली होती हे मला काय माहीत! दुपारी आम्ही शेगडी पेटवून भाजी टाकली आहे, तोच एक जीप येऊन थांबली. त्यातून एक साहेब उतरले, त्यांच्यासोबत एक शिपाई आणि एक शूटिंगवाला. साहेब म्हणाले, मंडपाची परवानगी दाखवा. मी म्हणालो, हा मंडप नाही, तंबू आहे. ते म्हणाले, सुस्वागतम् कोणाचं? मी म्हणालो, कोणाचंच नाही. शूटिंगवाला माझी वांग्याची भाजी शूट करत होता. साहेबांनी वही काढली आणि विचारलं, "पक्ष कोणता?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं की माझा कुठलाच पक्ष नाही. "म्हणजे अपक्ष," साहेब लिहू लागले. मी तुझ्या वहिनीकडे पाहिलं, म्हटलं ही तरी काही बोलेल. ती बोलली. भाजी ढवळत म्हणाली, "होय ना साहेब. हे पहिल्यापासूनच अपक्ष हायेत. घरातबी." एकतीस वर्षं अपघाताशिवाय गाडी चालवल्याचा बिल्ला दाखवला तेव्हा कुठे सुटका झाली. (मग चहा पिऊन गेले. साहेब तसा बरा होता. त्याचेही वडील एसटीत होते.)

आणखी एका तालुक्याच्या स्टॅण्डवर (नाव लिहीत नाही, उगाच कोणाची चौकशी लागायची) मी आपलं घर समजून मागच्या मैदानात तंबू लावला, तर तिथला कंट्रोलर, पोरसवदा, मला म्हणतो, "बाबा, इथे प्रायव्हेट वाहन लावता येत नाही." प्रायव्हेट! मला! मी त्याला विचारलं, तू जन्मला होतास का रे मी पहिली गाडी मुक्कामी नेली तेव्हा? तो म्हणाला, नव्हतो, पण वाहन काढा. काढलं. नियम बरोबर होता म्हणून काढलं, पण राग अजून आहे.

असे आठ दिवस गेले. जालना, नगर, पुणे, कराड, मग कुंभार्ली घाट. घाटाबद्दल एवढंच लिहितो की आपल्या सपाट मुलखात चालवणाऱ्याने घाट कसा उतरवावा, हे पाहायला तू हवा होतास. प्रत्येक वळणावर हॉर्न, ब्रेकवर पाय नाही, सगळा उतार गिअरवर. तुझ्या वहिनीने डोळे मिटून घेतले होते. खाली उतरल्यावर उघडले आणि म्हणाली, "महाराष्ट्राले सातशे किलोमीटर समुद्र हाय म्हणते. मंग आपण याच तुकड्याले काऊन जाऊन राहिलो?" मी म्हणालो, रस्ता इकडेच येतो. ती म्हणाली, "रस्ता येते का तुमी आणून राहिले?"

आता लिहावंच लागतं. डिंपलचं नाव मी तीन वर्षं घेतलेलं नाही, तुझ्यासमोरही नाही. एकुलती एक पोरगी, आणि अर्जुनीच्या पोस्टात बदलीवर आलेल्या एका कोकणातल्या माणसाशी, समाजाबाहेरच्या, नागपुरात जाऊन रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. मी म्हणालो, माझ्यासाठी ती गाडी सुटली. त्याची बदली त्याच्या गावी झाली, ती तिकडे गेली, तिची पत्रं आली, ती मी तुझ्या वहिनीला वाचू दिली पण मोठ्याने नाही. आणि तू दिलेल्या वे-बिलावर अकोला, मेहकर, जालना असं करत करत शेवटचा थांबा तू त्याच गावाचा लिहिलास! मी तो केशोरीतच वाचला होता. मी काही बोललो नाही, तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, चुकून लिहिला असेल. (असं मला वाटलं नाही. पण वाटलं असं आजवर धरून होतो.)

गावाची पाटी दिसली, खाली लिहिलेलं 'एक कि.मी.', आणि माझ्या लक्षात आलं की इंजिन तापलं आहे. गाडी बाजूला घेतली. तिथे सगळा काळाकुट्ट कातळ. इकडची जमीन म्हणजे दगडाची एक अखंड लादी, तिच्यात तंबूचा खुंटा जातो काय? चार खुंटे वाकले. मग एक दोर व्हॅनला, एक काजूच्या झाडाला आणि बाकीचे धोंड्यांना बांधून तंबू उभा केला. शामकला उभी राहून बघत होती. मी म्हणालो, इंजिन थंड झालं की निघू. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, झालं काय थंड? मी म्हणालो, अजून हात लावता येत नाही. तिने हात लावून दाखवला. तरी मी म्हणालो, वरून थंड वाटते, आतून गरम असते. एक किलोमीटर, भैय्यालाल. अकराशे किलोमीटर आलो होतो आणि एक जात नव्हता. तिथून समुद्राचा आवाज येत होता. मी त्या दिशेला पाठ करून बसलो.

त्याच दिवशी दुपारी पाठीला आणि गुडघ्याला मोहाच्या बियांचं तेल चोळत तंबूच्या दाराशी बसलो होतो. लाल-पिवळा तंबू, मोठ्या मिशा, बाटलीत पिवळं तेल. गावच्या लोकांनी मला वैदू समजण्यात त्यांची काही चूक नाही, पण मला किती लागलं असेल याचा विचार कर. आधी एक जण पोटाचं विचारायला आला. मग दोघे कंबर घेऊन आले. मी सांगून दमलो की मी राज्य परिवहनचा सेवानिवृत्त चालक आहे. ते म्हणायचे, असा का, मग थोडं तेलच द्या. तेवढ्यात एक बाई आल्या, साठीच्या, डोक्यावर पदर, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवत बसल्या आणि म्हणाल्या, "वैद्यबाबा, शिमग्याची पालखी दारात येणार हाय, आणि मला धड उभं राहता येत नाही. काय तरी द्या."

मी चिडून म्हणालो, "बाई, मी औषध नाही विकून राहिलो. माझेच गुडघे दुखून राहिले म्हणून चोळून राहिलो."

बाई माझ्याकडे टकामका बघायला लागल्या. "तुमी पण तिकडचेच काय? आमची सून अशीच बोलते हो. येऊन राहिली, जाऊन राहिली, खाऊन राहिली. पयल्या महिन्यात मी हिला विचारत होते, अगो, तू घडीघडी राहायला जातेस कुठं?" आणि स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, "गुणाची हाय. फक्त सणाला रडते. माहेरचं कोणी येत नाही ना. शिमग्याला आमच्याकडे मुंबईची माणसंसुद्धा घरी येतात. हिचं कोणीच नाही."

शामकला आतून बाहेर आली होती. तिच्या हातात पातेलं होतं, ते तिने तिथेच कातळावर ठेवलं. मी तेलाची बाटली उचलली आणि सगळीच्या सगळी त्या बाईंच्या हातात दिली. म्हणालो, सकाळ-संध्याकाळ लावा, कोमट करून. बाई म्हणाल्या, अहो सगळी कशाला? मी म्हणालो, घरी आणखी आहे. (नव्हती. आता माझी पाठ कशी आहे ते मला विचारू नको.)

त्या घरी जाऊन काय बोलल्या असतील ते तू ओळख. संध्याकाळी उन्हं कलताना मी स्टोव्हला पिन मारत होतो, तर समोर पावलं दिसली. चपला हातात घेतलेल्या, कातळावरून धावत आली असावी. मी मान वर केली नाही. तिनेही हाक मारली नाही. चपला खाली ठेवल्या आणि म्हणाली, "बाबूजी, आत येऊ काय?"

मला बरंच काही बोलायचं होतं. तीन वर्षं पाठ केलं होतं, आठ दिवस गाडीत परत परत घोकलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "दारावर पाटी लावली हाय एवढी मोठी. वाचता नाही येत काय तुले?"

तिने वर पाहिलं. 'सुस्वागतम्' वाचलं. मग त्या दोघी मायलेकींनी जो गोंधळ घातला त्यात सुकरामच्या तंबूचा दोर सुटला आणि सगळं कापड आम्हा तिघांच्या अंगावर आलं. आतून बाहेर यायला मला मुद्दाम वेळ लागला, एवढंच लिहितो.

आता तुझ्या दाढेकडे येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी प्यायलो, इकडेतिकडे बघायचं म्हणून भिंतीवर पाहिलं, आणि भांडं तसंच हातात राहिलं. भिंतीवर लग्नाचा फोटो. मधे डिंपल आणि जावई, गळ्यात हार. जावयाच्या बाजूला त्याचे दोन मित्र. आणि डिंपलच्या बाजूला खाकी कपडे, छातीवर बिल्ला, काखेत तिकिटांची पेटी, ताठ उभा राहिलेला, तू!

खाली तारीख होती. १७ फेब्रुवारी २००६. केशोरी-नागपूर आपलीच गाडी, परतीला दोन तासांचा वेळ. भैय्यालाल, मला सगळं आठवलं. तू म्हणालास, "दाढ दाखवून येतो." मी म्हणालो, सावकाश ये. मी गाडीच्या सावलीत बसून माझा डबा खाल्ला आणि तुझा डबा कावळ्यांपासून राखला. दीड तासाने आलास आणि माझ्या हातावर पेढा ठेवलास. कसला म्हणून विचारलं, तर म्हणालास, डॉक्टरच्या पोराला नोकरी लागली. मी तो खाल्ला! खवा चांगला आहे म्हणालो! आणखी एक मागून घेतला! पोटच्या पोरीच्या लग्नाचे दोन पेढे मी उभ्याउभ्या खाल्ले, हात झटकले, आणि तू डबल बेल मारलीस. परत येताना अख्खा रस्ता तू गप्प होतास, तर मीच तुला म्हणालो की दाढेला त्रास होत असेल, बोलू नको. माझ्या घरच्या प्रत्येक शुभकार्याला तुझी दाढ दुखते, हे मला तीन वर्षांनी कळलं.

मी डिंपलला विचारलं, हा तिथे काऊन होता? ती म्हणाली, "माझ्याकडून सही कराले कोणीच नव्हतं, बाबूजी. मी काकांले म्हटलं, बाबूजीले घेऊन या. तर ते म्हणाले, विचारलं तर तो नाही म्हणंल, अन मंग ते 'नाही' त्याले जनमभर खाईल. म्हणून मी त्याले विचारतच नाही."

हे ठरवणारा तू कोण? मी नाहीच म्हणालो असतो, हे खरं आहे. गाडी सोडून डेपोत तमाशा केला असता, हेही खरं. पण तो माझा तमाशा होता! माझं 'नाही' तू परस्पर खिशात घालून तीन वर्षं फिरलास, त्यातली दोन वर्षं माझ्या शेजारी बसून रोज डबा खाल्लास, आणि मग पेलाभर दूध प्यावं तितक्या सहज मला व्हॅनमध्ये बसवून या गावाचा रस्ता लिहून दिलास. बावीस वर्षांत इतका मोठा घोटाळा माझ्या गाडीत दुसऱ्या कोणी केला नाही.

जावई, जयवंत त्याचं नाव, माणूस म्हणून मवाळ आहे, पण त्याला गाडी चालवता येत नाही. पस्तीस वर्षांचा घोडा, क्लच कधी सोडायचा ते कळत नाही. रोज सकाळी ओहोटीला वाळूवर नेऊन शिकवतो आहे. काल गाडी लाटेत घालणार होता. अशा माणसाला मुलगी दिली कोणी? (तू.) पालखी परवा दारात येऊन गेली. विहीणबाई दोन्ही पायांवर उभ्या होत्या. पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात इकडे, मलाही दिली. मी ती धक्का न देता नेली, वळणावर हळू घेतली, सगळ्यांनी नाव घेतलं. डिंपल त्या दिवशी रडली नाही. पाडव्यापर्यंत थांबा म्हणतात. मी अजून हो म्हणालेलो नाही, पण तंबू धुवायला टाकला आहे.

घरच्यांना आमचा आशीर्वाद सांग. तुला माझ्याकडून काही नाही.

तुझ्यावर रागावलेला,
उदाराम

ता. क. हे पत्र तुझ्या वहिनीने वाचलं. ती म्हणते, त्या फोटोसमोर मी रागावल्याचं लिहिलं आहे ते अर्धंच आहे, आणि राहिलेलं अर्धं ती केशोरीला आल्यावर तुला तोंडी सांगेल. तिचं ऐकू नको. समुद्रकाठच्या वाऱ्याने डोळ्यांत वाळू जाते.

ता. क. दुसरं. ती म्हणते, समुद्राबद्दल एक ओळ नाही. समुद्र पाहिला. मोठा आहे.

ता. क. तिसरं, आणि हे तिला न दाखवता लिहितो. त्या फोटोच्या मागे नागपूरच्या स्टुडिओचा शिक्का आहे, नंबर या पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. सोबत माझा लायसन्सचा एक फोटो ठेवला आहे. हल्ली कॉम्प्युटरवर मागाहून माणूस बसवता येतो असं जावई म्हणतो. तू एकदा नागपूरला जाऊन विचार. तुझ्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा रिकामी आहे, तिथे मला उभा करायला सांग. आणि जागा पुरत नाही असं तो म्हणाला, तर तुला काढू देऊ नको. फोटो तसाच राहू दे. पोरीच्या बाजूला आपल्याकडचं एक माणूस तरी उभं होतं.